वैजूताई आणि हेंकचं झाड

वैजयंती काणे दुसऱ्यांच्या गल्लीतून चालताना हात पाठीमागे बांधून चालत. आपल्या गल्लीत त्यांचे हात मोकळे असत, खांद्यावरची पिशवी हलत असे, समोरून येणाऱ्याला त्या हात वर करून थांबवत. पूल ओलांडून पलीकडच्या कालव्यावर गेल्या की हात मागे जात आणि चाल मंदावत असे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या त्या प्रत्येक दारासमोर थांबत, वर बघत, खाली बघत आणि पुढे जात.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा असा निघालो तेव्हा त्या एका अरुंद, पुढे झुकलेल्या घरासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“ह्यांच्याकडे अजून आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दाराच्या वरची काच. जुनी, हातानं केलेली. नीट बघा, पलीकडचा दिवा वाकडा दिसतो तिच्यातून. आमच्या बाजूला सगळ्यांनी बदलून टाकल्या. आणि हे बसलेत मिरवत.”

घरात कुणी दिसत नव्हतं. मी म्हटलं, मिरवत कुणी नाहीये.

“न मिरवता मिरवतात. तेच तर.”

हेवा लपवायची त्यांना सवय नव्हती. तो वाईट गुण आहे हे त्यांनी कधी नाकारलं नाही, पण तो टाकून द्यायचाही विचार केला नाही. त्यांचं म्हणणं होतं, “लोक छान छान म्हणतात आणि पुढे जातात. मी जळते, म्हणून मला दिसतं.”

अॅमस्टरडॅमच्या पश्चिम भागात, पर्यटकांच्या नकाशात न येणाऱ्या एका कालव्यावर आम्ही शेजारी होतो. त्यांचे यजमान श्रीरंग काणे एका बँकेच्या सॉफ्टवेअर विभागात होते. पुण्यातल्या कर्वेनगरातून दोघं इथे आले ते त्यांच्या नोकरीमुळे. वैजूताई सुरुवातीची वर्षं घरीच होत्या. वाचनालयात फुकट चालणाऱ्या गप्पांच्या टेबलावर बसून त्यांनी डच शिकून घेतली आणि मग जवळच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्या स्वागतकक्षात काम करू लागल्या. वस्तीतल्या प्रत्येकाचा गुडघा आणि प्रत्येकाची साखर त्यांना ठाऊक होती. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी एक शब्द बाहेर आला नाही. बाकी कोणत्याही विषयावर येत असे.

मी पुण्यात एका दैनिकासाठी महापालिकेच्या बातम्या देत असे. माझी पत्नी मेघना हिला इथे नोकरी मिळाली आणि मी तिच्या व्हिसावर आलो. पहिल्या भेटीत मी हे सांगितलं तेव्हा वैजूताईंनी खुर्ची पुढे सरकवली. “म्हणजे तुम्हीही डिपेंडंट. बसा पत्रकार, चहा टाकते.” पुढे त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही.

त्यांच्या घरासमोर, कालव्याच्या अगदी काठावर, एल्मचं एक झाड होतं. डच लोक त्याला ‘ईप’ म्हणतात. इथल्या कालव्यांवर ही झाडं सर्वत्र आहेत. मे महिन्यात त्यांच्या चपट्या, कागदी बिया गळतात आणि रस्ते, सायकली, पायऱ्या फिकट पोपटी होऊन जातात. झाडाच्या बुंध्याभोवतीची उघडी माती रहिवाशांना सांभाळायला मिळते. तिथे फुलं लावायची, पाणी घालायचं, सिगारेटची थोटकं उचलायची. वैजूताईंनी तिथे झेंडू लावला होता. त्यांचं झाड सरळ, निरोगी आणि दिसायला साधारण होतं.

दुसरं झाड पुलाजवळ होतं. ते हेंकचं. हेंक ट्राम चालवून निवृत्त झालेला, त्याच रस्त्यावर जन्मलेला, उंच आणि कमी बोलणारा माणूस. त्याचं झाड कालव्याकडे झुकलेलं होतं, बुंधा दोन माणसांच्या कवेत मावणार नाही इतका रुंद. हेंकनं त्याच्या बुडाशी ट्युलिप लावले होते. पुलावरून जाणारे लोक थांबून फोटो काढत, त्यात पूल, पाणी आणि ते वाकलेलं झाड येई. वैजूताईंचं झाड चौकटीच्या जरा बाहेर राही.

“मुद्दाम वाकलंय,” त्या म्हणत. “फोटोत यायला.”

दोघांचं वैर साधं होतं आणि रोजचं होतं. हेंक म्हणे, माझ्या आईचा लग्नाचा फोटो ह्या झाडाखाली काढलेला आहे. वैजूताई म्हणत, तुझी आई एकदा उभी राहिली, मी माझ्या झाडाला रोज पाणी घालते. हेंक म्हणे, एवढ्या जुन्या झाडाला पाणी लागत नाही, ते कालव्यातून पितं. वैजूताई म्हणत, म्हणूनच तुझं वाकलंय, ओणवं होऊन प्यायला लागतं बिचाऱ्याला. हे सगळं डचमध्ये चाले. वैजूताईंच्या डचमध्ये पुण्याचा ठसका पुरेपूर होता आणि हेंकला तो चांगला कळत असे, कारण उत्तर देताना तो कधी अडखळला नाही.

मग कालव्याची भिंत खचायला लागली.

ह्या शहराच्या जुन्या कालव्यांच्या भिंती विटांच्या आहेत आणि त्या पाण्याखालच्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत. खांब कुजले की भिंत सरकते. भिंत सरकली की रस्ता आणि त्यामागची जुनी घरं धोक्यात येतात. आमच्या बाजूला रस्त्यात आधी एक खळगा पडला, मग कठडे लावले गेले आणि मग खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या पालिकेकडून, रहिवाशांची पहिली बैठक बोलावली गेली. सांगितलं गेलं ते असं: भिंत पूर्ण उतरवून नवीन खांबांवर पुन्हा बांधायची. जुन्या विटा जपून काढायच्या, घासायच्या आणि शक्य तितक्या परत बसवायच्या, कारण हा रस्ता वारसा म्हणून संरक्षित आहे. झाडं मात्र काढावी लागतील. काम झाल्यावर नवी रोपं लावली जातील.

“विटेला नंबर घालून परत बसवणार,” वैजूताई घरी येऊन म्हणाल्या. “झाडाला नाही. पुढच्या जन्मी वीट व्हावं.”

श्रीरंगराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “ह्या जन्मी काय वेगळी आहेस?”

दुसऱ्या बैठकीत थोडी सवलत मिळाली. एका ठिकाणी नवी भिंत मुळांना वळसा घालून बांधता येईल, म्हणजे एक जुनं झाड वाचेल. भिंत तिथे पाण्यात पुढे येणार असल्यानं आणि बोटींना वाट हवी असल्यानं असं एकाच ठिकाणी करता येणार होतं. जागा दोन सुचवल्या गेल्या. एक पुलाजवळ, एक वैजूताईंच्या घरासमोर. निवडताना झाडाची प्रकृती आणि सुरक्षितता बघितली जाईल, शिवाय रहिवाशांच्या जगण्यात त्या झाडाला काय स्थान आहे तेही विचारात घेतलं जाईल, असं सांगण्यात आलं.

हे ऐकून हेंकनं वैजूताईंकडे बघितलं. वैजूताई आधीपासूनच त्याच्याकडे बघत होत्या.

‘रहिवाशांच्या जगण्यात स्थान’ हे शब्द त्यांनी धरून ठेवले. त्या वर्षीच्या जूनमध्ये वटपौर्णिमा येत होती. इथल्या मराठी बायका ती घरात करत. कुणी कुंडीतल्या रोपाला दोरा गुंडाळे, कुणी चित्राला. वैजूताईंनी सगळ्यांना निरोप धाडले: ह्या वर्षी आमच्या झाडाला यायचं, साडी नेसून यायचं, वड नाही तर नाही. वस्तीत एक छोटं परिसरपत्र निघतं. त्याच्या छायाचित्रकारालाही त्यांनी बोलावलं. त्याचा दवाखान्यातला वेळ त्यांनीच ठरवून दिलेला असल्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही.

बायका आल्या. पैठण्या होत्या, एका मुलीनं जीन्सवर ओढणी घेतली होती, फणस मिळाला नाही म्हणून ताटात आंबे आणि पीच होते. सायकलवरून जाणारे लोक वेग कमी करून बघत होते. वैजूताईंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं, दोऱ्याचं रीळ मेघनाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “चला, फेरे घ्या.”

मेघना दोन पावलं चालली आणि थांबली.

“वैजूताई, फेरे कसे घ्यायचे?”

“कसे म्हणजे? झाडाभोवती.”

“पलीकडे पाणी आहे.”

सगळ्या बायका पुढे येऊन वाकून बघू लागल्या. झाड काठाला इतकं लागून होतं की बुंध्याची एक बाजू थेट कालव्यावर निघाली होती. तिथे पाऊल ठेवायला वीतभर जागा नव्हती. अकरा वर्षं त्या झाडाला रोज पाणी घालणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण पाणी एकाच बाजूनं घातलं जातं.

“नवऱ्याला बोटीत बसवा,” कुणीतरी म्हणालं. “दोऱ्याचं टोक पकडून तो पलीकडून जाईल.”

“सात वेळा? ह्याच जन्मात बुडेल.”

“अर्धाच फेरा घेऊ या. साडेतीन जन्म पुरे झाले मला तरी.”

हसू ओसरलं तेव्हा एक जण पुलाकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या झाडाला आहे की जागा. सगळीकडून मोकळं आहे.”

ते खरं होतं. पुलाजवळ काठ रुंद होता आणि हेंकच्या झाडाभोवती सहज चालता येत होतं. कुणी ठरवलं असं झालं नाही. ताट उचललं गेलं, रीळ उचललं गेलं, आणि सगळा घोळका पैठण्या सावरत तिकडे गेला. छायाचित्रकारही गेला. मेघनानं मागे वळून विचारलं, “येताय ना?”

“ह्यांच्यासाठी त्याच्या झाडाला फेरे?” वैजूताई म्हणाल्या. “ह्यांना चालेल. मला नाही चालणार.”

त्या आपल्या झाडापाशी एकट्या उभ्या राहिल्या. श्रीरंगराव दारातून म्हणाले, “म्हणजे पुढच्या जन्मी मी मोकळा का?” पुलाजवळ हेंक बाहेर आला होता. काय चाललंय ते त्यानं मेघनाला विचारलं, ऐकून घेतलं आणि घरात जाऊन सगळ्यांसाठी कॉफी आणि प्रत्येकी एक बिस्किट घेऊन आला. दोरा त्याच्या झाडाभोवती चढत गेला. उन्हात तो पांढरा दोरा लांबूनही दिसत होता.

परिसरपत्रात पहिल्या पानावर फोटो आला. पूल, पाणी, साड्या आणि दोरा गुंडाळलेलं वाकडं झाड.

वैजूताई त्या आठवड्यात माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण मी मेघनाचा नवरा होतो. हेंकला मात्र त्यांनी गाठलं. “दोरा काढ,” त्या म्हणाल्या. हेंक म्हणाला, “तुमच्याच बायकांनी बांधलाय. मी कशाला काढू? मला आवडलाय.” ती भेट तिथे संपली.

शेवटची बैठक शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होती. मुलांसाठीचे बुटके बाक होते आणि मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला थोडा वेळ मिळणार होता. वैजूताईंनी नाव नोंदवलं होतं आणि भाषण पाठ केलं होतं. स्वयंपाकघरात त्या ते श्रीरंगरावांना ऐकवत आणि श्रीरंगराव व्याकरण दुरुस्त करण्याचं टाळत.

प्रकल्पाची अभियंता एक तरुण, शांत बाई होती. तिनं पडद्यावर वटपौर्णिमेचा फोटो दाखवला आणि सांगितलं की पुलाजवळच्या झाडाला लोकांच्या जगण्यात स्थान आहे ह्याबद्दल शंका नाही. हॉलमधली मराठी माणसं वैजूताईंकडे बघायचं टाळत होती. मग अभियंता पुढे म्हणाली की अडचण झुकण्याची आहे. पाहणी करणाऱ्यांना वाटतं की भिंत सरकल्यापासून हे झाड आणखी कलत चाललं असावं. आधीची मोजमापं नाहीत, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. पण शंका असताना जोखीम घेणं बरोबर ठरणार नाही. तसं पाहता दुसरं झाड, घरासमोरचं, सरळ आणि सुरक्षित आहे.

हेंक उभा राहिला. झाड नेहमीच असं होतं, एवढंच त्यानं सांगितलं. अभियंता सौम्यपणे म्हणाली की झाडाच्या जवळच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. हेंक खाली बसला. तो आणखी काही बोलला असता तर तेही असंच ऐकून घेतलं गेलं असतं.

मग वैजूताईंचं नाव पुकारलं गेलं. त्या क्षणी त्यांचं झाड वाचलेलं होतं. पाठ केलेलं भाषण म्हणायचं, किंवा तेही न म्हणता धन्यवाद देऊन बसायचं, एवढंच बाकी होतं.

त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाठ केलेलं काहीच म्हटलं नाही.

“मी त्या घरात राहायला आल्यापासून हेंकच्या झाडाचा हेवा करते,” त्या डचमध्ये म्हणाल्या. “हे ह्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, माझ्या झाडाच्या फांद्यांमधून, त्याचा वरचा भाग दिसतो. मी रोज तिथे उभी राहून कणीक मळते. त्याच्या दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात पुलावरचा दिवा दिसतो. रोज मी बघते, दिवा बेचक्यातून बाहेर आला का. वादळ झालं की उठल्या उठल्या बघते. ते कलावं, पडावं, म्हणून वाट बघणारी ह्या वस्तीत मी एकटीच आहे. दिवा पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच आहे. झाड हललेलं नाही. हललं असतं तर मी सगळ्या रस्त्याला केक वाटला असता.”

हॉलमध्ये मोठ्यानं हसू फुटलं. इथे कशाचाही आनंद केक वाटून साजरा होतो, त्यामुळे ती साक्ष सगळ्यांना कळली. अभियंता हसली नाही. तिनं विचारलं, “मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बघू शकते का?”

“या,” वैजूताई म्हणाल्या. “पण सकाळी या. दुपारी उजेड डोळ्यावर येतो.” आणि त्या बसल्या. स्वतःच्या झाडाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पुढच्या माणसानं बोलायला सुरुवात केली होती.

वार्ताहर म्हणून मी अनेक सुनावण्या ऐकल्या आहेत. बाजूनं बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं वजन कमी असतं. जिच्यामुळे देणाऱ्याचंच नुकसान होणार आहे अशी साक्ष मी तेव्हा एकदाच ऐकली.

परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी अबोला सोडला होता, किंवा विसरल्या होत्या. मी विचारलं, असं का केलंत?

“मला त्याला हरवायचं होतं पत्रकार,” त्या म्हणाल्या. “त्याला दुसऱ्या कुणी ढकलून द्यावं आणि मी जिंकावं, असं नव्हतं.” थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, “आणि दिसलेलं आहे मला. इतकी वर्षं बघितलं, ते दिसलं नाही असं कसं म्हणू?” पुलाजवळ आल्यावर त्यांनी हेंकच्या झाडाकडे बघितलं. “मेलं हललं का नाही पण,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरा राग होता.

अभियंता आली. कणीक मळायच्या जागी उभी राहून तिनं बेचक्यातला दिवा बघितला. मग झाडावर मोजणीच्या खुणा लावल्या गेल्या आणि हिवाळाभर मापं घेतली गेली. झाड हलत नव्हतं. ते राखायचं ठरलं.

वैजूताईंचं झाड एका कोरड्या, थंड सकाळी काढलं गेलं. काम कालव्यातूनच चाललं होतं. सपाट बोटीवर क्रेन होती. आधी फांद्या उतरवल्या, मग बुंधा तुकड्यातुकड्यानं. मेघना आणि मी त्यांच्याकडे गेलो होतो. श्रीरंगराव म्हणाले, “आत चल, कशाला बघतेस.” वैजूताई खिडकीपाशीच राहिल्या. “हरलेय मी,” त्या म्हणाल्या, “डोळे गेले नाहीत माझे.”

शेवटचा मोठा तुकडा उचलला गेला तेव्हा स्वयंपाकघरात एकदम उजेड आला. ओट्यावरचे डबे, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं वेगळं दिसायला लागलं. मधल्या फांद्या गेल्यामुळे समोर पूल दिसत होता आणि पुलाजवळचं झाड बुडापासून शेंड्यापर्यंत, पहिल्यांदाच अख्खं, दिसत होतं.

“घ्या,” वैजूताई म्हणाल्या. “आता दिवसभर हेच.”

हेंक त्या दिवशी त्यांच्या दारी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला की त्याच्या झाडाची अर्धी माती त्यांनी झेंडूसाठी घ्यावी. त्यांनी नकार दिला. “तुझ्या झाडाखाली माझी फुलं? म्हणजे फोटोत तीही तुझीच दिसतील.” तो परत गेला. पुढे नवी भिंत झाली, घासलेल्या विटा परत बसल्या आणि त्यांच्या घरासमोर एक काठीसारखं रोप लावलं गेलं. त्याला त्या पाणी घालत, पण त्याच्याबद्दल बोलत नसत. पुलाजवळच्या झाडाबद्दल बोलत. यंदा बिया कमी आल्यात. पालवी उशिरा आहे. पक्ष्यांनी घरटं टाकून दिलंय, त्यांनाही कंटाळा आला असेल.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी वैजूताई गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. अंत्यसंस्कार इथेच झाले. इथल्या पद्धतीप्रमाणे ज्याला बोलायचं आहे त्यानं पुढे येऊन बोलावं असं सांगण्यात आलं. दवाखान्यातले डॉक्टर बोलले, मेघना बोलली. मग हेंक काळ्या कोटात पुढे आला आणि कागदाशिवाय उभा राहिला.

तो म्हणाला, “माझं झाड तिच्यामुळे उभं आहे. पण तिनं त्या झाडाबद्दल चांगला शब्द कधी काढला नाही. त्या बैठकीतसुद्धा नाही.”

तो आपल्या जागेवर जाऊन बसला. मी त्या बैठकीला हजर होतो. तो म्हणाला ते बरोबर आहे.